करवतीच्या टेबलाला राउटरची जोड

वर्धेत २० सप्टेंबर २०२४ रोजी पी. एम. विश्वकर्मा योजनेच्या पहिल्या वर्धापनाचा देशपातळीवरील कार्यक्रम झाला. अठरा धंद्यांच्या या योजनेत सुतारकाम अगदी पहिल्या क्रमांकावर आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप आहे. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. तूर्त नोंदणी चालू आहे किंवा कसे, हे आपल्या जवळच्या सेवा केंद्रात विचारून घ्यावे. आम्हांला आज योजनेची जाहिरात करायची नाही. आपल्या वस्तीतील ज्या मुलांनी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये स्वतःचे सुतारकाम सुरू केले आहे, ती मुले भेटली की विचारतात, "भाऊ, कटर तर आहे, आता पुढची मशीन कोणती घ्यावी?" त्या प्रश्नासाठी हा लेखप्रपंच.

आमचे उत्तर असे : राउटर घ्यावा, आणि तो करवतीच्याच टेबलात उलटा बसवावा. मात्र त्याआधी आहे ती करवत नीट झाकावी. या दोन गोष्टींचा क्रम उलटा झाला तर नवीन मशीन घेण्यात अर्थ नाही.

आता, राउटर म्हणजे काय हे सुतारांना सांगणे नलगे, पण घरातील इतर मंडळींसाठी दोन शब्द. करवत लाकूड सरळ चिरते, एवढेच तिचे काम. दाराच्या पल्ल्याला काच बसवायची खाच, टेबलाची गोल कड, कपाटाच्या मागचा प्लाय सरकवायची नाली, फोटोफ्रेमची नक्षीदार बिडिंग पट्टी, ज्याला जुने कारागीर गोला-गलता म्हणतात, ही सगळी कामे पूर्वी पटाशीने आणि वेगवेगळ्या आकाराच्या रंध्यांनी होत. एका पल्ल्याला अर्धा दिवस जाई. राउटर हेच काम मिनिटाला दहा हजार ते तीस हजार फेरे घेणाऱ्या छोट्या बिटने करतो. बिट बदलले की आकार बदलला.

हातात धरून राउटर चालवता येतो, पण दोन इंची पट्टीवर तो डगमगतो आणि पट्टी शिकंजात धरायला जागाच उरत नाही. तोच राउटर टेबलाखाली उलटा टांगला आणि बिट वर काढले, की मशीन स्थिर राहते आणि लाकूड सरकते. एकसारखी पंचवीस फूट पट्टी काढायची तर यासारखी दुसरी सोय नाही.

मग स्वतंत्र राउटर टेबल का नको? ज्याच्याकडे जागा आहे त्याने जरूर करावे. पण आपल्याकडे शेड म्हणजे बहुधा दहा बाय आठ. त्यातच सायकल, पाण्याची टाकी, आजीची खाट. करवतीचे टेबल आधीच मधली जागा अडवून बसलेले असते. त्याच टेबलाला बाजूने पंख जोडावा, तसा दीड-दोन फुटांचा भाग जोडला की दुसऱ्या टेबलाची जागा वाचते, आणि लांब फळी टेकायला सलग पृष्ठभाग मिळतो. मोठी फळी चिरताना ती डावीकडे लोंबकळत नाही, हा आणखी एक फायदा.

आधी करवतीकडे पाहू

आपल्या भागात 'टेबल करवत' म्हणून जे दिसते ते तीन प्रकारचे असते. पहिली कारखान्यात तयार झालेली, दहा इंची पात्याची, पाते वरखाली होणारी. दुसरी वेल्डरकडून अँगलची फ्रेम करून घेतलेली, पट्ट्यावर चालणारी. तिसरी आणि सर्वांत जास्त दिसणारी म्हणजे फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर प्लायखाली उलटा कसलेला. स्वस्त, सुटसुटीत, आणि तिन्हींत सर्वांत धोक्याची. हा कटर हातात धरून वापरण्यासाठी केलेला असतो. उलटा बसवताना त्याचे झाकण काढून टाकतात. बटण दाबलेले राहावे म्हणून तार किंवा चिकटपट्टी गुंडाळतात. म्हणजे बंद करायचे तर वाकून भिंतीवरचे बटण शोधायचे, तेही पाते फिरत असताना.

लाकूड चिरत असताना चीर मागून मिटते आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळते. मग पात्याचे मागचे दाते ते लाकूड उचलून सरळ कारागिराच्या पोटावर फेकतात. लाकूड गेले की त्यामागे ढकलणारा हात मोकळा होऊन पात्यावर पडतो. बोटे जातात ती बहुतेक अशी. कारागीर बेसावध असतो म्हणून जातात असे लोक म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. हा झटका डोळ्याचे पाते लवण्याआधी येतो, सावध माणूसही त्याला पुरा पडत नाही.

त्यावर उपाय फार जुना आहे. पात्याच्या अगदी मागे, त्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी करायची. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. जाडीला ती पात्याच्या तबकडीपेक्षा किंचित जास्त आणि दात्यांनी पाडलेल्या चिरेपेक्षा किंचित कमी असावी. चीर तिच्यावर उघडी राहते, लाकूड आवळत नाही. पात्यापासून तिचे अंतर सात-आठ मिलिमीटरच्या आत ठेवावे. वर पात्यावर झाकण, आणि हातात ढकलकाठी : शेवटचे सहा इंच लाकूड हाताने कधीच ढकलायचे नाही. ढकलकाठी टाकाऊ प्लायची पाच मिनिटांत होते. टेबलाला खिळा ठोकून तिथेच अडकवून ठेवावी, म्हणजे शोधावी लागत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. त्याआधी, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती मांडली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. पण असे कायदे कारखान्यापुरते. अंगणातल्या शेडमध्ये मालकही आपणच आणि कामगारही आपणच. तपासायला निरीक्षक येणार नाही. बोट गेले तर भरपाई मागायची कुणाकडे?

म्हणून मार्बल कटरवाल्या टेबलाला राउटर जोडण्याआधी आमची एक सूचना आहे. जे पंधरा हजार किंवा जी काही बचत असेल, त्यातून आधी करवतीला रायव्हिंग नाइफ, झाकण आणि समोर हाताशी मोठे लाल बटण बसवा. मार्बल कटरला हे बसवणे अवघड जाते; शक्य असेल तर तो कटर फरशीवाल्याला देऊन टाकावा आणि झाकणासह मिळणारी लहान करवत घ्यावी. राउटर दोन महिन्यांनी आला तरी चालेल.

डावा पंख की उजवा?

आता मुख्य काम. परदेशी चित्रांत हा राउटर बहुधा करवतीच्या उजव्या बाजूला दिसतो, कारण तयार करवतीचे गाईड ज्या दांड्यांवर सरकते त्या दांड्या उजवीकडे लांब गेलेल्या असतात. तेच गाईड राउटरलाही वापरता येते, एक खर्च वाचतो. आम्ही मात्र घरी केलेल्या टेबलासाठी डावी बाजू सुचवतो. कारण नीट समजून घ्यावे, कारण यात जिवाशी गाठ आहे.

उलटा टांगलेला राउटर वरून पाहिला तर बिट घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते. गाईड समोर, मध्ये बिट, आणि आपण अलीकडे, असे उभे राहिलो तर लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे सरकवायचे. तेव्हा बिट लाकडाला विरोध करते आणि कापणी ताब्यात राहते. उलट दिशेने सरकवले तर बिट लाकूड ओढून घेते, हातातून हिसकावून भिंतीवर मारते आणि हात बिटकडे खेचला जातो.

आता राउटर करवतीच्या उजव्या पंखात बसवला आणि करवतीचेच गाईड वापरले, तर हिशेब असा होतो की राउटरवर लाकूड टेबलाच्या मागच्या बाजूकडून पुढच्या बाजूकडे यायला हवे. करवतीवर मात्र ते पुढून मागे जाते. दिवसभर करवतीवर पुढून ढकलायची सवय लागलेला हात संध्याकाळी, थकल्यावर, राउटरवरही पुढूनच ढकलतो. डाव्या पंखात गाईड बिटच्या उजव्या अंगाला ठेवले, तर दोन्ही मशीनवर लाकूड पुढून मागेच जाते. सवय आणि सुरक्षितता एका दिशेला येतात. दुसरा लाभ असा की, करवतीचे गाईड पात्याच्या उजवीकडे आणि राउटरचे डावीकडे, दोन्ही आपापल्या मापावर कसलेली राहतात. एकाचे माप मोडून दुसऱ्याचे लावावे लागत नाही. ज्याने एकाच गाईडवर दिवसात दहा वेळा माप बदलले आहे, त्याला याची किंमत कळेल.

बाजू कोणतीही निवडा. टेबलावर लाल रंगाने मोठा बाण रंगवा. लाकूड गाईड आणि बिट यांच्या मधल्या फटीत कधीही घालू नका. बिटचा बराचसा भाग गाईडच्या पोटात लपलेला असावा, बाहेर फक्त कापायचा तेवढाच.

पंख करताना

अठरा मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर फेविकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवावेत. छत्तीस मिलिमीटरची जाड फळी होते. वरून सनमायका सगळेच लावतात, खालून कुणी लावत नाही. दोन्हीकडून लावावा. एकाच बाजूने लावलेली फळी आपल्या वर्धेच्या हवेत हमखास वाकते : मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि जुलैत भिंतींना ओल. पंख मधोमध एक मिलिमीटर जरी खाली बसला, तरी खाचेची खोली मधल्या भागात बदलते आणि पल्ल्याचे जोड बसत नाहीत.

पंख करवतीच्या टेबलाला नट-बोल्टने कसावा आणि बाहेरच्या टोकाला अँगलचा पाय द्यावा. बोल्टची भोके उभी थोडी लांबट ठेवावीत, म्हणजे वरखाली जुळवता येते. दोन्ही टेबलांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून खाली कागदाची चिठ्ठी सरकवून पाहावी. चिठ्ठी सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. पात्यापासून राउटरच्या गाईडपर्यंत दहा-बारा इंच तरी अंतर ठेवावे. फळी चिरताना तिचा डावा भाग तिथे मावला पाहिजे.

राउटर थेट छत्तीस मिलिमीटरच्या फळीला टांगता येत नाही, बिट वर पोहोचत नाही. म्हणून पंखात चौकोन कापून त्यात पातळ, पण ताठ पाट बसवावा लागतो. सहा मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पाटी उत्तम. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी हायलमची जाड पाटीही चालते. साधा अॅक्रिलिक मात्र वजनाने हळूहळू मध्ये झुकतो. चौकोनाच्या कडेला आतून पाऊण इंचाची पायरी ठेवायची, पाटी तिच्यावर टेकते. चार कोपऱ्यांत चार बारीक स्क्रू खालून घातले की त्यांच्या आट्यांवर पाटी केसाएवढी वरखाली करून टेबलाशी सपाट करता येते. राउटरचा प्लास्टिकचा तळ काढून तोच पाटीवर ठेवावा आणि भोकांच्या खुणा कराव्यात, माप घेण्याची गरज नाही. स्क्रूची डोकी पाटीत बुडलेली असावीत. सगळ्यांना स्प्रिंग वॉशर घालावेत. करवतीचा थरकाप पंखापर्यंत येतो आणि आटे ढिले होतात. आठवड्यातून एकदा सगळे स्क्रू तपासावेत.

गाईड म्हणजे प्लायच्या दोन पट्ट्यांचा काटकोन, गुण्या लावून पक्का केलेला. मध्ये बिटपुरती अर्धगोल खिडकी. मागे चार बाजूंनी खोका करून त्याला घरातल्या जुन्या व्हॅक्यूमची नळी बसवली तर अर्ध्याहून अधिक भुसा तिथेच ओढला जातो. हे गाईड बिटला समांतर असलेच पाहिजे असे नाही हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. बिट गोल आहे, त्याला दिशा नाही. करवतीचे गाईड मात्र पात्याला समांतर नसेल तर झटका ठरलेला.

बिट घेताना एक फसवणूक टाळावी. बाजारात पाव इंची दांड्याचे बिट आणि ६ मिलिमीटर दांड्याचे बिट शेजारी शेजारी मिळतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पाव इंची पकडीत ६ मिलिमीटरचे बिट घट्ट झाल्यासारखे वाटते, पण चालू झाल्यावर हळूहळू वर सरकते किंवा सुटून उडते. आपल्या राउटरची पकड कोणती हे कागदावर लिहून दुकानात जावे. दांडा पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढून कसावा. पल्ल्याची मोठी नक्षी काढणारी, दोन इंचांहून रुंद बिटे लहान ट्रिमरवर चालवू नयेत. त्यांना अर्धा इंची दांडा आणि वेग कमी करता येणारा राउटर लागतो. तीस हजार फेऱ्यांवर एवढे बिट म्हणजे तोफगोळाच.

वीज

साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हिशेबाने ३,६८० वॅट मिळतात. करवत १,८०० आणि राउटर १,६०० वॅटचा असेल, तर कागदावर दोन्ही बसतात. परंतु मोटर सुरू होताना कित्येक पट वीज ओढते. आणि दोन्ही एकदम चालू ठेवायचे कारणच काय? म्हणून दोन्ही मशीन एका सिलेक्टर स्विचवर घ्याव्यात : खटका डावीकडे तर राउटर, उजवीकडे तर करवत, मध्ये तर दोन्ही बंद. राउटरवर वाकलेला असताना कोपर लागून करवत सुरू होण्याची भीतीच संपते. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, चांगले अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचे शॉकरोधक उपकरण.

आपल्याकडे वीज मध्येच जाते. मशीन चालू असताना वीज गेली, आपण चहाला गेलो, आणि वीज आली की राउटर आपोआप फिरू लागतो. बाजूला चिमुरडे खेळत असेल तर? गेलेली वीज परत आल्यावर स्वतः सुरू न होणारे बटण मिळते, ते मागून घ्यावे. काम संपले की प्लग काढून खिशात किल्ली, ही शिस्त घरातल्या सर्वांनी कारागिराला लावावी. बिट बदलताना प्लग बाहेर, टेबलावर, डोळ्यांसमोर.

हातमोजे घालू नयेत. मोजा बिटमध्ये अडकला की हात सोबत जातो. बांगड्या, कडे, ओढणी, मनगटावरचे धागे, लांब बाह्या या सर्वांना हेच लागू. घरातील भगिनी घासकाम व पॉलिशमध्ये हातभार लावतात, पुष्कळ ठिकाणी निम्मे काम त्यांचेच असते. त्यांनी पदर खोचावा आणि मशीन चालू असताना मागून हाक मारू नये, समोर येऊन हात दाखवावा. आणि आम्ही तर म्हणू, घासकामावरच का थांबायचे? गावगाड्यात सुताराचे काम सुताराच्याच घरात राहत असे. आज आयटीआयमधील एक वर्षाच्या कार्पेंटर अभ्यासक्रमाला जातही विचारत नाहीत आणि मुलगी म्हणून दारही लावत नाहीत.

भुशाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे, विशेषतः नाकाच्या कर्करोगासाठी. राउटरची धूळ करवतीच्या भुशापेक्षा बारीक, आणि एमडीएफची सर्वांत वाईट. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. एन-९५ मास्क लागतो. शेडला लागून स्वयंपाकघर असेल तर दार लावूनच काम करावे.

बोट कापले गेलेच तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ थेट लावू नये. जखमेवर दाब धरून लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. वर्धेला सेवाग्राम आणि सावंगी मेघे अशी दोन मोठी रुग्णालये जवळ आहेत, ही आपली सोय.

यंत्रावरून वर्धेत झालेला वाद

याच वर्धेत १९३४ साली ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत सुरू झाले, जे. सी. कुमारप्पांनी ते चालवले, आणि १९३८ साली मगन संग्रहालय उघडले. यंत्राने माणसाचे काम हिरावू नये, हाताचे अवजार सुधारावे, हा तिथला विचार. तिथली अवजारे आजही पाहण्यासारखी आहेत, मुलांना एकदा घेऊन जावे. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात याला स्पष्ट विरोध नोंदवला. यंत्र वाईट नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती जातो ती समाजरचना वाईट. आणि यंत्रावाचून कष्टकऱ्याला वाचनाला, विचाराला फुरसत मिळणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. शेडमध्ये उभे राहून विचार केला तर हा वाद कोरडा राहत नाही. हाताने गोला-गलता ओढणाऱ्या माणसाची संध्याकाळ कामातच जायची. राउटरवर तेच काम दुपारपर्यंत होते. मोकळी संध्याकाळ मुलांच्या अभ्यासाला लावायची की आणखी दोन ऑर्डरी घ्यायच्या, हे त्या घराने ठरवावे. मशीन आपल्या मालकीची असल्यामुळे निदान ठरवता तरी येते.

पहिले काम : फोटोफ्रेम

टेबल झाल्यावर पहिले काम कोणते काढावे? आमच्या मते फ्रेम. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवसांना भगवान बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमांना घरोघर मागणी असते, आणि दीक्षाभूमीवरील दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक फ्रेमा प्लास्टिकच्या पट्टीच्या असतात. सागवानाच्या फ्रेमचे गिऱ्हाईक वेगळे. आणि सागवान आपल्या दाराशी आहे : २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनाचे सागवान नागपुरातून गेले. पूर्ण ओंडका घेण्याच्या भानगडीत पडू नये. ओंडके चिरणाऱ्या आरामशीनला वनखात्याचा परवाना लागतो. नागपूरच्या लकडगंजात किंवा आपल्या गावच्या वखारीत चिरलेली फळी पावतीसह मिळते. पावती जपून ठेवावी.

बारा बाय अठरा इंचांचा फोटो धरू. पट्टी दोन इंच रुंद, आत काच टेकायला दोन सूत खाच. म्हणजे प्रत्येक बाजूला फोटोबाहेर पावणेदोन इंच लाकूड. फ्रेमची बाहेरची मापे साडेपंधरा आणि साडेएकवीस इंच, चारही बाजूंची बेरीज ७४ इंच, म्हणजे सहा फूट दोन इंच. काचेला एक सूत मोकळीक आणि कापणीची घट धरून सात फुटी पट्टी घ्यावी.

आता या जोडटेबलाची खरी गंमत. दोन इंची पट्टी आधी चिरून मग राउटरवर घालणे धोक्याचे, हात बिटच्या फार जवळ येतो. म्हणून आठ इंच रुंद, सात फूट लांब अखंड फळी घ्यावी. तिच्या एका कडेवर डाव्या राउटरवर आधी मागची खाच काढावी, आठ-नऊ मिलिमीटर खोल. दोन मिलिमीटरची काच, फोटो, मागचा तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणि वर चुका ठोकायला जागा, एवढे त्यात बसते. एका दमात खोल जाऊ नये, तीन-तीन मिलिमीटर करत तीन फेऱ्या. मग बिट बदलून, फळी उलटून, त्याच कडेवर दर्शनी नक्षी. आधी टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावे. मग तीच फळी टेबलावरच उजवीकडे सरकवून करवतीवर दोन इंची पट्टी वेगळी करावी. ही पट्टी गाईड आणि पाते यांच्या मध्ये येते, तेव्हा ढकलकाठी हवीच. उरलेल्या फळीच्या कडेवर रंधा मारून पुन्हा डावीकडे. एका आठ इंची फळीतून अशा तीन पट्ट्या, म्हणजे तीन फ्रेमा निघतात. शेवटी उरलेली सव्वा इंची चिंधी राउटरवर घालू नये, तिचा लोभ धरू नये. ढकलकाठीला ती कामाला येते.

पट्टीला पॉलिश मारायचे ते कोपरे जोडल्यावर. पंचेचाळीस अंशांचा काप करवतीवर घेताना समोरासमोरच्या दोन बाजू एकत्र धरून लांबी जुळवावी; अर्धा सूत फरक पडला तरी चौथा कोपरा उघडा राहतो. कोपऱ्यांना फेविकॉल लावून चौकटीभोवती सुतळीचा पीळ आवळावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत, सारखे आले तर फ्रेम चौरस. रात्रभर तशीच ठेवावी. पावसाळ्यात फेविकॉलला दुप्पट वेळ द्यावा लागतो, त्याच दिवसांत टेबलाच्या लोखंडी भागावर तांबूस डाग धरतो, म्हणून काम संपल्यावर मेणाचा हात फिरवून टेबल जुन्या चादरीने झाकावे.